उतारावरची गाडी

हँडब्रेकच्या दांड्यामागचं प्लॅस्टिकचं झाकण थोरलीने चमच्याच्या टोकाने उचकटलं, तेव्हा ते एकदम निघून मागच्या सीटवर जाऊन पडलं. खाली एक बारीक सळई होती, सळईला आटे आणि आट्यांवर एक नट. बस, एवढंच. इतकी वर्षं या गाडीत बसून तिची समजूत होती की खाली काहीतरी मोठं, भारदस्त यंत्र असणार.

"सापडला," ती गाडीतूनच म्हणाली.

"तुटलं नाही ना काही?" आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"अजून तरी नाही."

गाडी पोर्चमध्ये उभी होती. पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या आणि मागची बाजू जॅकने उचलून दोन लोखंडी स्टँडवर टेकवली होती. साहित्य सगळं बाबांचं. बाबा नोकरीत नकाशे आखत असत आणि घरातही ज्याच्याभोवती रेघ मारता येईल त्याच्याभोवती मारून ठेवत. हत्यारांच्या कपाटात प्रत्येक पान्याची आकृती पेन्सिलीने काढलेली होती; पाना परत ठेवताना चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नसे. गाडीला त्यांनी कधी दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. आता ते मागच्या चाकाशेजारी व्हीलचेअरवर बसले होते. तिथे ऊन येत नव्हतं, आणि आईला भाजी चिरता चिरता त्यांच्यावर नजर ठेवता येत होती.

सहा महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांनी त्यांच्यापुढे पेन, चष्मा आणि घड्याळ ठेवून यातलं घड्याळ कोणतं असं विचारलं, तर बाबा नुसते डॉक्टरांकडे बघत राहिले. समज किती उरलीय ते आज सांगता येत नाही, पुढे पुन्हा बघू, असं डॉक्टर म्हणाले होते. घरच्यांनी त्यातलं 'पुन्हा बघू' तेवढं सोडून दिलं आणि समज गेली असं धरून चालले. त्यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. रोजचं उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं यातच सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता.

बाबांच्या घशातून एकच आवाज निघायचा, हुंकारासारखा. त्याचा अर्थ घराने ठरवून टाकला होता: पाणी. आवाज आला की आई पेला घेऊन धावायची. बाबा पेल्याकडे बघायचे, मग आईकडे बघायचे आणि निमूटपणे पाणी प्यायचे. या सहा महिन्यांत ते जेवढं पाणी प्यायले तेवढं अंगणातलं झाडही प्यालं नसेल.

आणि कळत नाही म्हटल्यावर त्यांच्यासमोर सगळंच बोललं जाऊ लागलं. भिंतींनाही कान असतात म्हणून लोक हळू बोलतात. या घरात खरेखुरे कान असलेला माणूस समोर बसलेला असताना कुणी आवाज खाली आणत नव्हतं. थोरलीचा भाऊ, धाकटा, लांबच्या शहरातून रोज फोन करून उंटावरून शेळ्या हाकायचा, आणि तो फोन स्पीकरवर, जेवणाच्या टेबलाच्या मधोमध ठेवलेला असायचा. अशा रुग्णांना सांभाळणारी संस्था त्यानेच शोधली. खोटं कशाला बोला, चांगली शोधली. आईची पाठ कामातून गेली होती. थोरली रोज येऊन हातभार लावायची, पण तिचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. तेव्हा दुसरा मार्ग नाही यावर सगळ्यांचं एकमत झालं. सगळ्यांचं म्हणजे तिघांचं. सोमवारी सकाळी बाबांना तिकडे पोचवायचं होतं, आणि ते त्यांना सांगायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हँडब्रेकचं काम निघालं तेही सोमवारसाठीच. पोर्चचे खांब असे की गाडी आत असली की पुढचं दार अर्धंच उघडतं. त्यामुळे बाबांना गाडीत बसवायचं तर गाडी फाटकाबाहेर काढावी लागे, आणि फाटकाबाहेरचा रस्ता चांगलाच उताराचा. मागच्या आठवड्यात त्यांना तपासणीला नेताना, ते अर्धे खुर्चीत आणि अर्धे सीटवर, आणि आई त्यांना काखेत धरून उभी, अशा अवस्थेत गाडी हातभर खाली सरकली. ब्रेक पूर्ण वर ओढलेला होता. घाईत गाडी गिअरमध्ये ठेवायची मात्र थोरली विसरली होती. तिने उडी मारून पायाचा ब्रेक दाबला म्हणून निभावलं. चाक आईच्या पावलाला घासून थांबलं. आई रस्त्यावरच बसली, आणि दारात लोंबकळलेल्या बाबांनी तिला बसताना पाहिलं.

गॅरेजवाल्याने मंगळवार सांगितला. मंगळवारचा उपयोग नव्हता. मग थोरलीने फोनवर एक व्हिडिओ बघितला आणि शनिवारी दुपारी बाह्या सरसावल्या. ती औषधांच्या दुकानात कामाला होती. आयुष्यात बाटल्यांच्या झाकणांपलीकडे तिने काही पिळलं नव्हतं.

नट फिरवायला मात्र सोपा निघाला. तिने तो पिळला, दांडा ओढून पाहिला, पुन्हा पिळला. आधी दांडा खांद्यापर्यंत येतो की काय असं वाटायचं, आता तो जेमतेम उचलताच दगडासारखा घट्ट बसला. ती खूश झाली.

"आई, ये बघ. आता याला हत्ती बांधला तरी हलायचा नाही."

तिने दांडा खाली सोडला आणि ती गाडीतून उतरते तोच बाबांनी तो आवाज केला.

आई हात पुसत पेला घेऊन आली. बाबांनी तोंड फिरवलं. आईने पेला दुसऱ्या बाजूने पुढे केला, तर त्यांनी तिकडूनही फिरवलं. असं यापूर्वी कधी झालं नव्हतं, त्यामुळे आईला पुढे काय करायचं ते सुचेना आणि ती पेला धरून तशीच उभी राहिली. बाबा खुर्चीतून एका अंगाला कलले. थोरली त्यांना सावरायला धावली, पण ते पडत नव्हते. त्यांनी डावा हात लांब करून टायरवर ठेवला आणि चाक ढकललं. चाक हललं नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि टायरवर एक थाप मारली.

"काय हवं बाबा? गाडी गाडी हवी?" तिने विचारलं. गेले सहा महिने त्यांच्याशी बोलताना तिचा आवाज असाच व्हायचा, लहान मुलाला खेळवल्यासारखा.

बाबांनी पुन्हा थाप मारली. त्यांचं मन राखायचं म्हणून तिने दोन्ही हातांनी चाक फिरवून पाहिलं. ते फिरेना. ती वाकली, आत डोकावली. दांडा तर खालीच होता. ब्रेक सोडलेला असून चाक जाम झालं होतं.

तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला. अति तिथे माती. नट तिने इतका पिळला होता की ब्रेक आता सुटायलाच तयार नव्हता. अशी गाडी रस्त्यावर काढली असती तर चाकं घासत, तापत गेली असती, आणि अर्ध्या वाटेत, बाबांना घेऊन, धूर निघाला असता. योगायोग असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. समोर चाक दिसलं, हात गेला, थाप मारली.

तिने नट बराच सैल केला आणि परत आली. बाबांनी चाक फिरवलं. ते गरगर फिरलं. त्यांनी मान हलवली, आणि ती मान होकाराची नव्हती. मग त्यांनी पलीकडच्या चाकाकडे बोट केलं.

थोरलीने खुर्ची गाडीला वळसा घालून पलीकडे नेली. तिथेही त्यांनी चाक फिरवून पाहिलं, तेही तसंच गरगर फिरलं. आता त्यांनी चाकाच्या मागच्या अंगाला, खाली, बोट दाखवलं. तिने टॉर्च घेऊन पाहिलं. चाकामागच्या पत्र्यात बोटाच्या पेराएवढं एक रबरी बूच होतं. तिने ते नखाने काढलं, तर आत भोक, आणि भोकात दाते असलेली एक चकती. व्हिडिओतल्या माणसाने हिचा उल्लेखही केला नव्हता. या चकतीचं काय करायचं, तिला माहीत नव्हतं.

बाबांनी हात पुढे केला. तिने पाना दिला, तो त्यांनी मांडीवर टाकला. तिने चपटा स्क्रूड्रायव्हर दिला. तो त्यांनी बोटांत उलटा फिरवला, मूठ तिच्याकडे करून तिला परत दिला आणि अंगठा व तर्जनीने हवेत काहीतरी हळूच वर उचलून दाखवलं, एकेक दाता.

यात योगायोग नव्हता. थोरलीला ते कळलं होतं, पण त्यावर विचार करायला ती धजावली नाही. ती जमिनीवर आडवी झाली.

खालून तिला बाबांची फक्त पावलं दिसत होती. उजवं खुर्चीच्या पाय टेकायच्या पट्टीवर ठेवल्या जागी पडलेलं, डावं फरशीवर टेकलेलं. तिने एक दाता वर सरकवला, टिक असा आवाज झाला, आणि वरून त्यांनी चाक फिरवलं. चाक मुकाट फिरलं. तिने आणखी एक सरकवला. पुन्हा चाक फिरलं. मग आणखी. तिची मान अवघडली, कोपर सोलपटलं, पण कुणीच घाई करत नव्हतं. असं बराच वेळ चाललं आणि मग चाकाच्या आतून एक आवाज आला, इतका हलका की तिला आधी भासच वाटला. कागदावरून बोट फिरवावं तसा, ब्रेक आतून चाकाला जेमतेम टेकल्याचा. बाबांचं डावं पाऊल फरशीवर एकदा आपटलं.

बस.

ती बाहेर आली, आणि उठता उठता तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर गेली. बाबांनी डोळे मिटले होते आणि मान किंचित कलती केली होती. चाक अजून त्यांच्या बोटांखाली सावकाश फिरत होतं. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पंखा कुरकुरला, पंप अडला, शिलाईचं यंत्र टाके सोडायला लागलं की बाबा असेच डोळे मिटून ऐकायचे. लहानपणी तिला खोकला झाला तर तिच्या पाठीला कान लावून असेच ऐकायचे, आणि मग डॉक्टरकडे जायचं की नाही ते सांगायचे. रिकामं म्हणून आपण ज्या घराला कुलूप घालावं, त्या घरात कुणीतरी रोज झाडलोट करून, दिवा लावून राहत असावं, तसं तिला झालं. ती तेलकट हातांनी तशीच उभी राहिली. त्या माणसाच्या आत सगळं जागच्या जागी होतं. रेघा मारून ठेवल्याप्रमाणे.

बाबांनी डोळे उघडले आणि पहिल्या चाकाकडे बोट केलं. त्याचं काम अजून व्हायचं होतं.

मग त्या दोघांनी तेही चाक केलं. त्यानंतर बाबांनी तिला गाडीत पाठवलं आणि सळईवरचा नट थोडा थोडा आवळायला लावला. प्रत्येक वेळी ब्रेक सुटल्यावर चाक मोकळं फिरतं ना, हे ते स्वतः फिरवून बघत होते. शेवटी दांडा ओढला की मध्यावर येऊन घट्ट थांबू लागला, आणि खाली सोडला की चाकं तो हलका आवाज करत फिरू लागली. या सगळ्यात थोरली त्यांच्याशी लहान मुलासारखं बोलायची कधी थांबली ते तिचं तिलाही कळलं नाही. "अजून अर्धा वेढा?" ती विचारत होती. "आता बघा." "पुरे का, बाबा?"

आई पेला हातात घेऊन इतका वेळ पायरीवर बसली होती. पाणी तिनेच पिऊन टाकलं होतं.

"यांना कळतंय गं," ती म्हणाली.

"हो," थोरली म्हणाली.

थोरलीने स्टँड काढले, विटा उचलल्या आणि गाडी फाटकाबाहेर काढली.

रस्त्याच्या ऐन उतारावर तिने गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, गाडी गिअरमधून काढली. मग पायाचा ब्रेक अगदी हळू सोडला. मग पाय पूर्ण उचलला. गाडी हलली नाही. इतकं सगळं लोखंड, काच, रबर आणि त्यात बसलेली ती, हे सारं करंगळीहून बारीक सळईवर उतारात उभं होतं. रोज हजारदा जगात सगळीकडे हेच होत असेल, पण तिला ते त्या क्षणी चमत्काराहून कमी वाटलं नाही.

बाबांनी खुणेने खुर्ची गाडीच्या दाराशी आणवली. त्यांना आत बसायचं होतं. आईने काखेत हात घातले, थोरलीने पाय धरले, आणि त्यांनी स्वतः डाव्या हाताने दाराची चौकट पकडली. अंगाचं सगळं ओझं सीटवर पडलं तेव्हा गाडी स्प्रिंगांवर जराशी खचली आणि तिथेच राहिली. बाबांचं मात्र आत बसण्याकडे लक्षच नव्हतं. पूर्ण वेळ ते खाली वाकून आईच्या पावलांकडे बघत होते. चाक तिथपर्यंत आलं नाही असं बघूनच त्यांनी मान सीटला टेकवली.

थोड्या वेळाने त्यांनी घराकडे बोट केलं.

"चष्मा हवा?" आईने विचारलं. "टोपी?"

बाबांचं बोट तसंच राहिलं. पाणी हवं का, असं काही आईने विचारलं नाही. थोरली त्या बोटाच्या रेषेत चालत फाटकातून आत गेली, दारातून आत गेली आणि जिन्यापाशी थांबली.

जिन्याखाली, जुन्या ब्लँकेटच्या मागे, बॅग होती. ती आणि आई, दोघींनी मिळून ती काल भरली होती, बाबा दुपारचे झोपलेले असताना. त्यांचे सहा सदरे, दाढीचं सामान, औषधं आणि आईने आयत्या वेळी घातलेला त्यांच्या आवडीचा जाड टॉवेल. भरताना दोघी दबक्या आवाजातही बोलल्या नव्हत्या, चांगल्या मोकळ्या आवाजात बोलल्या होत्या. आणि आईला रडू आलं तेव्हा थोरलीने तिची समजूत काढली होती, की अगं, त्यांच्यासाठी हे घर काय आणि ते घर काय, त्यांना थोडंच कळणार आहे.

ती बॅग घेऊन बाहेर आली. बाबांनी हात पुढे केला, बॅग घेतली, मांडीवर ठेवली, पट्टा सरळ केला. मग समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत ते तयार होऊन बसले.

आईने तोंडावर पदर धरला. "सगळं ऐकलंय गं यांनी," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

थोरलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण लाजेपेक्षाही मोठं काहीतरी तिच्यासमोर सीटवर बसलं होतं आणि त्याच्यापुढे तिची लाज फार किरकोळ होती. या माणसाने टेबलावरचा प्रत्येक शब्द ऐकला होता. तहान नसताना दिलेलं पाणी तो पीत राहिला होता. आपल्याला घराबाहेर नेणारी गाडी उतारावर सरकू नये, आईच्या पायावरून चाक जाऊ नये, म्हणून त्याने आज अर्धी दुपार एका हाताने चाक फिरवलं होतं. एवढा मोठा माणूस याच घरात, याच खुर्चीत बसलेला होता, आणि तिने रोज त्याची हनुवटी पुसली होती.

खिशातला फोन वाजला. धाकटा होता. ती गाडीच्या उघड्या दाराला टेकून उभी राहिली.

"झालं का गाडीचं?" त्याने विचारलं.

"झालं. गाडी थांबते."

"चला, एक काम मिटलं. मग सोमवारी जरा लवकरच निघा. मी तिथल्या बाईंना सांगून ठेवतो की..."

"थांब. सोमवारचं एकाला विचारायचं राहिलंय."

"आता कुणाला?"

"बाबांना."

तो काहीसा हसला. "ताई, अगं त्यांना काय..."

"ब्रेक त्यांनी केला. मी नुसती त्यांच्या हाताखाली होते." तिने बाबांकडे पाहिलं. "त्यांना सगळं कळतं. आपण जे जे बोललो ते सगळं."

घरात या सहा महिन्यांत कुणी बोललं नव्हतं इतक्या हळू आवाजात, त्याने विचारलं, "आत्ता स्पीकरवर आहे?"

"नाही. पण मी त्यांच्याकडे देतेय. तूच विचार."

"काय विचारू?"

"ते तू ठरव," ती म्हणाली आणि वाकून तिने फोन बाबांच्या कानाशी धरला. मग फोनमधून एक बारीक 'बाबा?' आलं. बाबांनी मांडीवरची बॅग गुडघ्यांकडे सरकवून जागा केली, तिच्या हातातून फोन आपल्या हातात घेतला आणि कानाशी नीट धरला.